दादर ते माहीम : एका गाठोड्याचा प्रवास

दिवाळी अंकात प्रवासवर्णन लिहावयाचे म्हणजे लेखक निदान हिमालयात तरी जाऊन आलेला असावा, अशी वाचकांची रास्त अपेक्षा असते. कोणी जपानला जातो, कोणी युरोपातल्या राजवाड्यांतून हिंडतो, कोणी नर्मदेची परिक्रमा करतो. माझा प्रवास दादरहून माहीमपर्यंतचा. मध्ये एकच स्टेशन, माटुंगा रोड. तिकीट पाच रुपये. बरोबर सामान म्हणाल तर एक गाठोडे. परंतु आजवर केलेल्या साऱ्या प्रवासांत ज्याने माझ्या घरातली रीत बदलली असा हा एकच. म्हणून तो सांगण्याचे धाडस करतो.

गोष्ट २०२३ सालच्या दिवाळीआधीची. दसरा झाला की आमच्या घरी झाडलोट सुरू होते. माळ्यावरच्या निरुपयोगी वस्तू खाली येतात, खालच्या निरुपयोगी वस्तू माळ्यावर जातात, आणि या उलाढालीला आवराआवर असे नाव आहे. आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे एक खुंटी आहे. तिला एक पिशवी असते आणि त्या पिशवीत पिशव्या असतात. आपल्याही घरी ती असेलच. भाजीची, फळांची, औषधांची, मिठाईची अशी जी जी प्लॅस्टिकची पिशवी घरात येते, ती घडी होऊन तिच्या पोटात जाते. "असू दे, उपयोगी पडेल," असे सौभाग्यवती म्हणते आणि मी मान डोलावतो.

त्या दिवशी ती खुंटी भारानेच निखळून पडली. पिशव्या स्वयंपाकघरभर पसरल्या. आमच्या नातीला शाळेला सुट्टी होती. तिने बसल्या बसल्या त्या मोजल्या. एकशे शहाऐंशी! त्याखेरीज दुधाच्या धुऊन वाळवलेल्या पिशव्या, हॉटेलातून जेवण येते ते काळे डबे, पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटांची व वेफर्सची चकचकीत वेष्टने वेगळीच.

"आजोबा, पण या पिशव्यांना बंदी आहे ना?" नातीने विचारले.

बंदी होती खरी. २३ जून २०१८ पासून महाराष्ट्रात तिची अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हा सौभाग्यवतीने जुन्या पडद्यांच्या सहा कापडी पिशव्या शिवल्या होत्या. पुढे १ जुलै २०२२ पासून देशभर प्लॅस्टिकचे चमचे, ताटल्या, स्ट्रॉ असल्या एकदाच वापरावयाच्या वस्तूंवर बंदी आली, तेव्हा आम्ही सरकारचे अभिनंदनही केले. त्या सहा कापडी पिशव्या दाराच्या दुसऱ्या खुंटीला अद्याप कोऱ्या टांगलेल्या होत्या. कारण संध्याकाळी फिरून येताना भाजी दिसते तेव्हा त्या घरी असतात आणि मी बाजारात असतो!

परंतु मी काही कचरा रस्त्यावर फेकणारा मनुष्य नव्हे. प्लॅस्टिक वितळवून पुन्हा प्लॅस्टिक करता येते, हे मला ठाऊक होते. एवढ्या पिशव्या साठवल्या, याचा मला थोडा अभिमानच वाटला. जुन्या पलंगपोसात मी त्या साऱ्या मालाचे गाठोडे बांधले आणि सौभाग्यवतीला म्हणालो, "अगं, चार पैसे मिळतील याचे."

"मिळाले तर येताना चितळ आणा," ती म्हणाली, "आणि डबा घेऊन जा."

डबा न्यावयाचे मी अर्थातच विसरलो.

पहिला मुक्काम आमच्या कोपऱ्यावरचा रद्दीवाला. त्याने गाठोडे सोडले आणि सराफाने दागिने पारखावेत तशा चपळाईने वाटणी केली. पाण्याच्या बाटल्या एकीकडे, टणक डबे दुसरीकडे, दुधाच्या पिशव्या तिसरीकडे. ते काट्यावर चढले. उरलेला ढीग त्याने पायाने माझ्याकडे सरकवला.

"हे परत न्या, काका."

"का बरं? हेही प्लॅस्टिकच आहे की!"

"आहे ना. पण याचं वजन कुठं आहे?"

त्याने त्या पिशव्या काट्यावर टाकून दाखवल्या. एवढ्या ढिगाचे वजन पाऊण किलोसुद्धा भरले नाही. मग त्याने मला त्याच्या धंद्याचे गणित समजावून सांगितले. पाण्याच्या चाळीस-पन्नास बाटल्या गोळा केल्या की किलो भरतो. तोच किलो या पातळ पिशव्यांनी भरावयाचा तर दोन-अडीचशे वेचाव्या लागतात, झाडाव्या लागतात, कारण कशात भाजीचा पाला, कशात दह्याचा थेंब. तेवढ्या वेळात वेचणाऱ्याची मजुरीही सुटत नाही. आणि वेफर्सच्या वेष्टनात प्लॅस्टिकच्या थरावर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर असतो. ते दोन वेगळे करणे कोणाला परवडत नाही.

"धारावीत विचारून बघा," तो म्हणाला. "तिथं सगळं खपतं."

सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकून घरी जाता आले असते. पण आता प्रश्न प्रतिष्ठेचा झाला होता. मी गाठोडे पुन्हा बांधले आणि दादर स्टेशन गाठले. गाडीत एका गृहस्थाने मला आपादमस्तक न्याहाळून विचारले, "लॉण्ड्रीचे कपडे का?" मी नुसता हसलो. प्रवासात सगळ्यांनाच सगळे सांगू नये.

माहीमला उतरून पूर्वेच्या बाजूला पुलावरून खाली उतरले की धारावीच्या 'तेरा कंपाउंड' नावाच्या भागात आपण येतो. आयुष्यभर लोकलच्या खिडकीतून मी या पत्र्यांच्या छपरांकडे पाहिले होते, त्यांच्या आत पाऊल मात्र कधी टाकले नव्हते. अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना दुमजली शेड, आणि प्रत्येक दारापाशी छताला टेकतील अशी पोती. पोत्यांतून जुन्या खुर्च्या, बादल्या, तेलाचे डबे, खेळणी, संगणकाची खोकी डोकावत होती. जणू साऱ्या मुंबईच्या माळ्यांची आवराआवर इथे येऊन पडली होती!

एका शेडच्या मालकाने माझे वय पाहून मला आत बोलावले व स्टूल दिले. तिथे तासभर बसून मी जे पाहिले, त्याला कारागिरी याखेरीज दुसरा शब्द नाही. जमिनीवर मांडी घालून बसलेली माणसे ढिगातून तुकडे उचलत होती आणि न पाहताच फेकल्यासारखी निरनिराळ्या टोपल्यांत टाकीत होती. कोणते प्लॅस्टिक कोणत्या जातीचे, हे त्यांना हाताच्या स्पर्शावरून व आपटल्यावर होणाऱ्या आवाजावरून कळते. शंका आली तर तुकड्याला काडी लावायची आणि धुराचा वास घ्यायचा. आपण रसायनशास्त्राच्या पुस्तकात जी नावे पाठ करून विसरलो, ती ही माणसे नाकाने ओळखतात.

जात व रंग यांप्रमाणे वेगळा केलेला माल मग यंत्रात भरडतात. त्याचा चुरा पाण्याच्या हौदात धुतात आणि पत्र्याच्या छपरावर उन्हात पसरतात. आमच्याकडे साबूदाण्याच्या पापड्या वाळत घालतात, तसे निळे, लाल, पांढरे चुऱ्याचे चौकोन तिथल्या छपरांवर वाळत पडलेले होते. वाळलेला चुरा वितळवून एका यंत्रातून दाबून बाहेर काढतात. ते यंत्र म्हणजे चकलीचा सोऱ्या! त्यातून लांबच लांब शेव बाहेर येते, पाण्यातून जाऊन थंड होते आणि पुढे तिचे तांदळाएवढे दाणे कापले जातात. हा दाणा कारखान्यांना विकला जातो आणि त्याच्या पुन्हा बादल्या, खुर्च्या, नळ्या होतात.

माझा चेहरा उजळलेला पाहून मालक म्हणाला, "पण साहेब, दर वेळेला माल एक पायरी खाली उतरतो. पहिल्यांदा पांढरी बरणी, मग रंगीत बादली, मग काळा पाइप. त्याच्या पुढं काही नाही."

पुढे काही नाही, हे मला कोणी सांगितलेच नव्हते. सोन्यासारखे प्लॅस्टिकही कितीही वेळा आटवता येते, अशी माझी समजूत होती. पण प्रत्येक उष्णतेबरोबर त्याचा कस उतरतो आणि रंगांची भेसळ झाली की तो काळाच होतो. शिवाय त्या सोऱ्याच्या तोंडाशी जो धूर येत होता, तो तिथे उभ्या असलेल्या पोराच्या नाकातोंडात चालला होता. तोंडाला बांधलेले एक फडके, एवढेच त्याचे संरक्षण. मी पाच मिनिटांत खोकलो. तो दिवसभर तिथे उभा असतो.

मग माझ्या गाठोड्याची पाळी आली. निवडणाऱ्या बायकांत साठीच्या घरातल्या एक बाई होत्या. जालन्याकडच्या, दुष्काळात मुंबईला आलेल्या. मालकाने त्यांना सांगितले, "मावशी, साहेबांचा माल बघा जरा."

त्यांनी गाठ सोडली. दोन मिनिटांत निकाल लागला. जाड, स्वच्छ अशा वीसएक पिशव्या त्यांनी ठेवून घेतल्या. बाकीच्या बोटांनी चाचपून बाजूला सारल्या.

"हे नाही चालायचं, दादा. लई पातळ. मशिनीत जळून जातं. आन् हे चमकीचं तर कुनीच घेत न्हाई."

"मग याचं होतं काय?"

"काय होनार? जिथं टाकाल तिथं पडून ऱ्हातं."

बोलताना त्यांच्या उजव्या तळव्यावरचा चिंध्यांचा पट्टा मला दिसला. मी चौकशी केली. आदल्या आठवड्यात कोणाच्या तरी घरच्या बांधलेल्या पिशवीत ओल्या खरकट्याबरोबर दाढीचे पाते होते. ते हाताला लागले. त्यांनी हे असे सांगितले की जसे आपण पावसात भिजल्याचे सांगतो. मी मात्र मनातल्या मनात आमच्या घरची कचऱ्याची पिशवी उघडून पाहत होतो. माझी जुनी पाती मी कशात टाकतो? मला आठवेना, आणि आठवत नाही याचा अर्थ मला चांगला कळला.

मी ओशाळून म्हणालो, "मावशी, आम्ही फेकत नाही हो काही. वर्षभर जपून ठेवल्या होत्या या."

त्या हसल्या. त्या हसण्यात टोमणा नव्हता, नवल होते. "जपून ठेवल्या, ते खरं. पन नको हुत्या, तर घेतल्या कशाला?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. बंदी कशी राबवावी, कारखानदारांनी काय करावे, महानगरपालिका कुठे चुकते, यांवर मी तासभर बोलू शकलो असतो. पण भाजीवाल्याने पुढे केलेली पिशवी मी घेतली कशाला, हे मला सांगता येईना.

गाठोडे पुन्हा बांधले. आता ते पुष्कळ हलके झाले होते, तरी मला जड वाटत होते. घरी जाण्याऐवजी मी पश्चिमेला येऊन माहीमच्या कॉजवेपर्यंत चालत गेलो. तिथल्या पुलाखाली मिठी नदी समुद्राला मिळते. विहार आणि पवई या तलावांचे ओसंडणारे पाणी घेऊन ती निघते आणि मुंबईच्या वस्तीतून पंधरा-सतरा किलोमीटर येऊन इथे संपते. ओहोटी होती. चिखलात तिवरांची झाडे उभी होती आणि त्यांच्या मुळ्यांना, फांद्यांना, भरती जिथवर पोहोचली होती तिथवर, पिशव्या लटकलेल्या होत्या. निळ्या, पांढऱ्या, काळ्या. जत्रेतल्या झाडाला नवसाच्या चिंध्या बांधाव्यात तशा.

मला २६ जुलै २००५ आठवली. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि हीच मिठी रस्त्यांवर आली. रात्रभर गुडघाभर, कमरेएवढ्या पाण्यातून लाखो माणसे चालत घरी गेली. त्यांत मीही होतो. पायांना सारखे काहीतरी गुंडाळले जाई आणि छातीत धस्स होई. दर वेळी ती पिशवी निघे. त्या प्रलयाचा सारा दोष पिशव्यांवर टाकणे बरोबर नाही. पाऊस अलोट होता, भरतीची वेळ होती, नदीचे पात्र आपणच आवळत आणले होते. परंतु गटारांच्या तोंडाशी बोळे होऊन बसलेल्या त्या पिशव्या बाहेरून आल्या नव्हत्या. त्या आमच्यासारख्यांच्या घरांतूनच आल्या होत्या.

माहीमच्या किनाऱ्यावर एक म्हातारे कोळी जाळे साफ करीत बसले होते. जाळ्यातून मासळीपेक्षा प्लॅस्टिकच अधिक निघत होते. मी शेजारी बसलो तेव्हा त्यांनी माझ्या गाठोड्याकडे संशयाने पाहिले.

"इथं टाकायला आनलंव काय?"

"नाही हो, बाबा. घरी परत नेतोय."

"बरं करतंव," ते म्हणाले. "दर्या ठेवून घेत नाय काय. पावसात समदं परत आनून टाकतो."

दर्या परत आणून टाकतो तेही थोडेच. प्लॅस्टिक कुजत नाही. ऊन आणि लाटा त्याचे तुकडे करतात, तुकड्यांचे कण होतात, आणि ते कण मासळीच्या पोटात जातात. २०२२ साली नेदरलँड्समधल्या शास्त्रज्ञांना माणसाच्या रक्तातसुद्धा असे कण सापडले. म्हणजे आपण ज्याला 'टाकले' म्हणतो, ते फार लांब जात नाही.

आता कोणी म्हणेल, हा गृहस्थ जुन्या काळाचे गोडवे गाणार. तसे नाही. माझ्या लहानपणी वाण्याकडचा माल कागदाच्या पुड्यांत येई. पुड्याचा दोरा आई गुंड्याला गुंडाळी आणि कागदही घडी करून ठेवी. आरेचे दूध काचेच्या बाटल्यांतून मिळे आणि रिकामी बाटली दिली तरच भरलेली हाती पडे. पण पावसात तो पुडा भिजून साखर रस्त्यावर सांडे, आणि बाटली फुटली की मार मिळे तोही मी खाल्ला आहे. प्लॅस्टिकशी माझे वैर नाही. आमच्या न्हाणीघरातली बादली वीस वर्षे टिकली. इस्पितळात सलाइनची नळी लागते, तेव्हा काचेच्या जमान्याची आठवण काढण्यात शहाणपण नाही. वैर आहे ते वीस मिनिटांच्या सोयीशी. हातात धरायचे बंद असलेली ही पातळ पिशवी एका स्वीडिश इंजिनियरने कल्पिली आणि तिचे अमेरिकेतले पेटंट १९६५ सालचे. म्हणजे ती माझ्याहूनही वयाने लहान! तिच्याआधी हजारो वर्षे माणसे बाजाराला जात होती आणि भाजी घेऊन घरी येत होती.

दिवेलागणीला मी घरी पोहोचलो. सौभाग्यवतीने दार उघडले.

"अहो, हे काय? गाठोडं परत आणलंत? आणि चितळ?"

"डबा नव्हता," मी म्हणालो. "पिशवीत घ्यावंसं वाटलं नाही."

तिने माझ्याकडे निरखून पाहिले आणि पुढे काही विचारले नाही. रात्री जेवणे झाल्यावर मी तिला मावशींचा हात आणि मावशींचा प्रश्न, दोन्ही सांगितले. ती उठली, दुसऱ्या खुंटीवरची एक कापडी पिशवी काढली, तिची चार बोटांएवढी घडी केली आणि माझ्या लेंग्याच्या खिशात घातली. "ही घरी राहते म्हणून सारं होतं," ती म्हणाली. मोठमोठ्या समित्यांना जे सुचत नाही ते कधी कधी असे खिशात मावते.

त्यानंतर आमच्या घराने काही मोठे व्रत घेतले असे नाही. दुधाची पिशवी अजून येतेच. ती आम्ही कापताना कोपरा तोडून टाकीत नाही, लोंबता ठेवतो, म्हणजे तो कपटा हरवत नाही, आणि धुऊन रद्दीवाल्याला देतो. औषधांची वेष्टनेही चुकत नाहीत. पण मासळीबाजारात डबा जातो. दही पातेल्यात येते. हॉटेलातून जेवण मागवण्याचे वार कमी झाले, आणि त्याने खिशालाही बरे वाटते. ओला कचरा निराळा आणि सुका निराळा, आणि दाढीची पाती जुन्या पत्र्याच्या डबीत, वर ठळक चिठ्ठी लावून. पहिल्या आठवड्यात भाजीवाला प्रत्येक वेळी पिशवी पुढे करी आणि मी प्रत्येक वेळी नको म्हणे. दुसऱ्या आठवड्यापासून मला पाहताच तो वजन केलेली भाजी हातात धरून माझी पिशवी उघडण्याची वाट पाहू लागला. पुढच्या दिवाळीत नातीने पुन्हा मोजदाद केली. तेवीस भरल्या.

गाठोडे मात्र माळ्यावर आहे. कोणाला देण्याजोगे ते नाही आणि टाकावे तर कुठे टाकावे, हे मला माहीमचा पूल पाहिल्यावर सुचत नाही. आम्ही गेलो तरी ते राहील, हे मला ठाऊक आहे. नातवंडांना ठेवण्यासाठी याहून बरे काही असते तर फार बरे झाले असते.

गेल्या दिवाळीला सौभाग्यवतीने शेजाऱ्यांना फराळ पाठवला तो स्टीलच्या डब्यांतून. पूर्वी पाठवीत तसाच. रिकामा डबा परत करू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. त्यामुळे चकल्या गेल्या त्या डब्यांतून बेसनाचे लाडू, करंज्या आणि एका डब्यातून तर बालुशाही आली. पाच डबे गेले होते, चार परत आले. पाचवा अद्याप तिसऱ्या मजल्यावर आहे. हा अंक ते घेतात. तेव्हा त्यांना एवढेच कळवतो, की घाई मुळीच नाही, परंतु यंदाचा फराळ त्याच डब्यातून येणार आहे.